फोटोतला मँडोलिनवाला

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

ग्रंथालयाच्या माडीवर आज माझ्या ‘मँडोलिनची गोष्ट’चा पहिला शनिवार झाला. वेळ दुपारी चारची. खुर्च्या वीस मांडल्या, माणसं अकरा आली. त्यातली दोघं रक्तदाब तपासायचं शिबिर समजून आली होती. ती गोष्टीतली इटली संपेपर्यंत बसली आणि मग उठली.

ग्रंथालयाचे कार्यवाह दाजी यांनी ओळख करून दिली. “हे गंगाराम मेस्त्री. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तीस वर्सां तारो जोडल्यानी, आता तारो वाजयतत.” लोक हसले. सुरुवात चांगली झाली असं मी धरून चाललो.

मी नेपल्सपासून आरंभ केला. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी तिथल्या कारागिरांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून हे गोल पोटाचं वाद्य घडवलं. उभ्या चिरलेल्या दुधी भोपळ्यासारखं दिसतं. तारा आठ, पण जोडीजोडीने, म्हणजे सूर चारच, आणि तेही व्हायोलिनचेच. मग दर्यावर्दी, पोर्तुगीज, गोवा, आणि गोव्यातून मुंबईच्या रेकॉर्डिंगपर्यंत. मी फोंडाघाटात बदलीवर असताना तिथल्या बँडमास्तरांकडे कसा शिकलो तेही सांगितलं. ते बायकोच्या, सुगंधाच्या, मते सांगायची गरज नव्हती. एकूण सव्वा तास बोललो. वाजवायला दहा मिनिटं उरली.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक बाई शेवटपर्यंत बसून होत्या. साठी ओलांडलेल्या, तपकिरी शाल. बंदराकडे जाळ्यांचं दुकान आहे त्या फैसलची आई, जहिराताई. निघताना हळूच म्हणाल्या, “दुसरी जोडी उलीशी उतरलेली आसा.” मी तपासली तर खरंच उतरली होती. बायकांचे कान तिखट असतात. कुकरच्या शिट्ट्या मोजून झाले असतील.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज जे सापडलं ते लगेच लिहून ठेवतो.

दाजी कपाट झाडत होते. जुन्या हिशेबवह्यांच्या मागून एक मोठा फोटो निघाला. इथल्याच, मालवणच्या एका ऑर्केस्ट्राचा, सन १९६४. मंचावर सात जण, सगळे पांढऱ्या सदऱ्यात. पाठीमागे पेन्सिलीने सहा जणांची नावं: पेटी अमुक, ढोलक तमुक. सातवा डावीकडून दुसरा, आणि त्याच्या मांडीवर मँडोलिन. नेमकं त्याचंच नाव नाही.

पण कोपऱ्यात जांभळ्या शाईचा एक गोल शिक्का आहे. अर्धा पुसलेला. भिंगातून पाहिलं तेव्हा ‘सिल्वा’ एवढं लागलं.

म्हणजे मालवणात साठ वर्षांपूर्वी एक मँडोलिनवादक होता, तो गोव्याकडचा होता, आणि त्याचं आडनाव सिल्वा. मी हे तीनदा मोठ्याने म्हणालो. सुगंधा जुन्या कोकमाच्या सोलांना ऊन दाखवत होती. ती म्हणाली, “शिक्को मारणारो मँडोलिनवालो मी तरी कदी बघूक नाय.”

तिला सांगितलं की कलावंत लोक लहरी असतात.

शनिवार, १६ नोव्हेंबर

नऊ जण आले. आज व्याख्यान बाजूला ठेवून नुसता फोटो दाखवला.

मी सांगितलं, बाकी सहा जण कॅमेऱ्याकडे बघतायत, ताठ बसलेत. एकटा सिल्वा वाद्याकडे बघतोय. त्याचं उजवं मनगट बघा. फोटोत तेवढंच धूसर आलंय, कारण ते थांबलेलंच नाही. मँडोलिनचा सूर लगेच विरतो, म्हणून लांब सूर काढायचा तर एकाच तारेवर वरखाली, वरखाली, पाखराच्या पंखासारखं मारत राहावं लागतं. हात घट्ट असला तर खडखडाट होतो. ह्या माणसाचा हात पाण्यासारखा सैल आहे. हा हसत वाजवत असणार. ह्याच्या आजूबाजूला असणारी माणसं सुखी असणार.

कुठून सुचलं कोण जाणे, पण सुचलं.

जहिराताई पुढे आल्या, फोटो हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही. “कोण ओळखीचा आसा काय?” मी विचारलं. म्हटलं, पेटीवाला वगैरे.

त्या म्हणाल्या, “तुमी सांगा. बरा सांगतास.” मग विचारलं, “फुडच्या शनिवारी परत दाखवशात?”

घरी येताना सुगंधा म्हणाली, “तुमी मनगटाचा सांगत होतास तेव्हा त्यांची बोटां शालीच्या काठार नाचत होती.”

वाताचा त्रास असेल. निर्गुंडीचं तेल चांगलं, पुढच्या वेळी सांगायला हवं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल मतदान झालं. गावात सगळे निवडणुकीचं बोलतायत, सिल्वाचं कोणी बोलत नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

काल पाच जण. त्यात सुगंधा, दाजी आणि जहिराताई. उरलेल्या दोघांपैकी एक पंखा दुरुस्त करायला आलेला.

तरीही सिल्वाचं चरित्र आकाराला येतंय. म्हापशाहून तो तेरेखोलची खाडी ओलांडून आला असावा. चर्चमध्ये व्हायोलिन शिकला असावा, सूर तेच, म्हणून मँडोलिन सहज जमलं असावं. म्हापशातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “गंगाराम, हंय फातर मारलो तर सिल्वाक लागता. खंयचो सिल्वा व्हयो तुका?”

‘असावा’ हा शब्द मी फार वापरतो असं सुगंधाचं म्हणणं. इतिहासात तो लागतोच.

दाजी म्हणाले, पाच माणसांसाठी माडी झाडायची, दिवे लावायचे, हे किती दिवस चालायचं? समितीत विषय निघालाय. आतापर्यंत हसण्यावारी नेत होतो, पण आज झोपाळ्यावर बसून वाटलं, बंद पडलं तर? निवृत्तीनंतर सकाळी उठून कुठे जायचं हे मला या शनिवारांमुळे कळलं होतं.

रविवार, १ डिसेंबर

जहिराताई घरी आल्या. तांदळाचं सांदण घेऊन. इतकं मऊ की बोट लावलं तर खळी पडते. सुगंधाशी त्यांचं चांगलंच जमलंय. दोघी स्वयंपाकघरात दार लोटून दोन तास बोलत होत्या. मी बाहेर रियाज करत होतो. मध्ये एकदा जहिराताई मोठ्याने म्हणाल्या, “ह्या सुराक तिसरा बोट, दुसरा नाय.” कसल्या सुरीबद्दल चाललं होतं कोण जाणे. बायकांची विळी-सुरीची भाषा वेगळीच.

जाताना सुगंधाने माझं जुनं, माळ्यावरचं मँडोलिन त्यांच्याबरोबर पाठवलं. म्हणाली, फैसलच्या दुकानात तारा असतात, बसवून देईल. जाळ्यांच्या दुकानात मँडोलिनच्या तारा? पण तिने ठरवलं की मी वाद घालत नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

मँडोलिन अजून परत आलं नाही. सुगंधा म्हणते, फैसलचा सीझन आहे, घाई करू नका.

चांगली बातमी. वर्धापनदिन १९ जानेवारीला. कुडाळच्या पाहुण्यांनी जमणार नाही असं कळवल्यामुळे दाजींनी मुख्य कार्यक्रम मला दिला. सिल्वावर भाषण, मग वादन, आणि स्मरणिकेत सात पानांचा लेख. “ह्या जर रंगला तर शनिवार चालू,” दाजी म्हणाले, “नाय तर माडयेर योगाचो वर्ग.”

लेख लिहायला बसलो. सुगंधा दोनदा म्हणाली, “छापूच्या आदी एकदा जहिराबायक वाचून दाखवा.” म्हटलं, लेख म्हणजे काय सांदण आहे, एकमेकींना चाखायला द्यायचं? छापून आल्यावर पहिली प्रत त्यांनाच देईन. इतक्या नियमित श्रोत्या आहेत.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

हे लिहायचं धाडस होत नव्हतं. लिहितो.

काल स्मरणिका छापून आली. ‘सिल्वा: मालवणचा विस्मृत मँडोलिनवादक.’ आज सकाळी पहिली प्रत घेऊन जहिराताईंकडे गेलो. दुकानामागेच घर. मी म्हटलं, वाचून दाखवतो. त्यांनी चहा ठेवला, समोर बसल्या. फैसल दाराशी जाळं विणत होता.

सात पानं वाचली. तेरेखोल ओलांडताना मी मुद्दाम सावकाश वाचलं. मनगटाचा परिच्छेद आला तेव्हा त्या म्हणाल्या, “ह्या परत वाचा.” मी परत वाचलं.

संपल्यावर त्या म्हणाल्या, “बरा लिवलास. त्यांच्याबद्दल एवढा कोणी कदी लिवूक नाय.”

“सिल्वांबद्दल?”

फैसलने हातातलं जाळं खाली ठेवलं. “अम्मी, आता सांग.”

“काय सांगू? छापून इला.”

“तरी सांग.”

त्यांनी शाल नीट केली. “गंगारामभाऊ, सिल्वा फोटोवालो. हयसरच भरडाच्या नाक्यार त्याचो स्टुडिओ होतो. शिक्को त्याचो. मँडोलिन वाजवतत ते माझे अब्बा. कादर. आगबोटीचे उतारू वल्ह्याच्या पडावातून धक्क्यार आणीत. सिल्वा त्यांका ‘हालू नको, हालू नको’ म्हणान ओरडत होतो, आणि अब्बा वाजवायचे थांबले नाय. म्हणान मनगट तसा इला.”

मी चहाचा कप खाली ठेवला. कपावर एक होडी काढलेली होती. सात शनिवार या बाईंच्या समोर उभं राहून मी त्यांच्या बापाला दुसऱ्याचं नाव दिलं, दुसरं गाव दिलं, चर्चमध्ये शिकायला पाठवलं.

“मगे तुमी गप कशाक रवलास?” मला रागच आला होता, आणि तो कोणावर हे कळत नव्हतं.

“पयल्याच दिवशी सांगणार होतंय,” त्या म्हणाल्या. “पण तुमी मनगटाचा बोलूक लागलास. अब्बा जावन एकेचाळीस वर्सां झाली. घरात त्यांची आठवण काढूक माझ्याशिवाय कोण नाय. आणि थंय एक माणूस उबो रवान नऊ जणांका सांगता, बघा, ह्यो हात किती सैल आसा, ह्यो हसत वाजवत असतलो. भाऊ, ते हसतच वाजवीत. नाव तेवढा चुकीचा होता. वाटला, सांगलंय तर तुमी लाजशात आणि बोलूचा बंद करशात. माका दर शनिवारी ऐकूचा होता.”

नमस्कार केला आणि निघालो. बाजारातून येताना दोघांनी “सिल्वा काय म्हणता?” म्हणून हटकलं. चुकीचा माणूस मी किती चांगला प्रसिद्ध केला होता.

घरी येऊन सुगंधाला सगळं सांगितलं. ती “असा?” म्हणाली आणि माझ्यासमोर पेज वाढून ठेवली. इतकी मोठी गोष्ट ऐकून तिला काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. शांत स्वभावाची आहे, पहिल्यापासून.

रविवार, ५ जानेवारी

दाजींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “झाला ता झाला. अडीचशे प्रती छापल्यत. साठ वर्सां कोणाक पत्तो नव्हतो, आता कोण इचारतलो? तू सिल्वाच सांग. छान सांगतंस.”

“त्यांची मुलगी समोर बसणार आहे, दाजी.”

“ती बाई गप बसली इतके दिवस. अजून एक दिवस बसात. वर्धापनदिनाक सगळ्यांसमोर उठान ‘मी चुकलंय’ म्हणशीत तर उद्या शनिवारी कोण येतलो तुझ्याकडे इतिहास ऐकूक?”

हा घाव खरा लागला, कारण रात्रभर मी तेच घोळवत होतो. एक क्षण वाटलं, दाजींचं बरोबर आहे. सिल्वा राहू दे. माझे शनिवारही राहतील, कोणाचं काही जात नाही.

पण जातं. कादरभाईंचं जातं. पेन्सिलीने सहा नावं लिहिणाऱ्याने एक सोडलं, आणि मी तर शाईने दुसरंच छापलं. मी जास्त वाईट केलं.

म्हटलं, “योगाचा वर्ग सुरू करा. मी चुकलो म्हणून सांगणार.”

दाजींनी टेबलावरचा स्मरणिकांचा गठ्ठा पुढे ओढला. मग विचारलं, “खळ घरात करशीत की हयसर?”

रविवार, १२ जानेवारी

आठवडाभर आमच्या ओसरीवर शुद्धिपत्र चिकटवणं चाललं. मैद्याची खळ, अडीचशे चिठ्ठ्या. सुगंधा, मी, जहिराताई आणि शेवटी दाजी. दाजींच्या चिठ्ठ्या सगळ्या तिरक्या.

जहिराताईंना म्हटलं, भाषण मी आटोपतं घेतो, पण वादनाआधी तुम्ही अब्बांबद्दल दोन शब्द बोला. त्या म्हणाल्या, “माका बोलूक जमना नाय.” मग काय करता येईल, असं मी विचारलं. त्या सुगंधाकडे बघायला लागल्या. सुगंधा म्हणाली, “त्यांका थोडासा वाजवूक येता. अब्बांनीच शिकवल्यानी.”

मला फार आनंद झाला. म्हटलं, उत्तम. हात बसला नसेल, पण मी आठवडाभरात सोप्या दोन ओळी बसवून देतो. घाबरायचं कारण नाही. तारा छेडायचा पिक कसा धरायचा ते दाखवायला मी माझं वाद्य त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी दुसरी जोडी जराशी चढवली. मग वाजवलं.

चौतीस वर्षं मी हे वाद्य वाजवतोय. त्यातून असं काही निघतं हे मला माहीत नव्हतं. एकच सूर त्यांनी धरला आणि तो तसाच लांबत गेला, तुटला नाही. दाजींच्या हातातली चिठ्ठी वाळून गेली.

वाजवून झाल्यावर त्या संकोचून म्हणाल्या, “स्टेजार मी कदी वाजवूक नाय. मधली चाळीस वर्सां हातातसुद्धा घेवक नाय. ह्या दीड महिन्यातच परत...” आणि थांबल्या. सुगंधा लगबगीने खळ ढवळायला लागली.

दीड महिना कसला ते विचारायचं राहून गेलं.

रविवार, १९ जानेवारी

माडी भरली. जिन्यातही माणसं. दाजींनी गावभर सांगितलं होतं की मेस्त्री आज स्वतःची चूक सांगणार आहे. लोकांना अशा गोष्टींची आवड असते.

मी उभा राहिलो. म्हटलं, दोन महिने मी तुम्हाला एका सिल्वाची गोष्ट सांगितली. ती खोटी होती. मुद्दाम खोटी नव्हती, पण मी विचारायच्या आधी सांगत सुटलो. हा फोटो सिल्वांनी काढला. मँडोलिन वाजवतायत ते कादरभाई, पडाववाले, आपल्याच धक्क्यावरचे. त्यांची मुलगी दर शनिवारी इथे खिडकीशी बसत होती, आणि तिला न विचारता मी सगळ्यांना माहिती पुरवत होतो. मी तिची माफी मागतो.

आणि बसलो. चार मिनिटं बोललो असं सुगंधाने मागून सांगितलं. आजवरचं माझं सर्वांत छोटं भाषण.

जहिराताई पुढे आल्या. फैसलने खुर्ची सरकवली. त्यांच्या हातात माझं माळ्यावरचं जुनं मँडोलिन होतं. सुरुवातीला पिक दोनदा घसरला. त्यांनी डोळे मिटले. मग एक चाल सुरू झाली. तिला नाव नव्हतं. अब्बांनी बसवलेली होती, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. वल्ह्याचा ठेका होता तिला, ओढ, सोड, ओढ, सोड. आणि वरून तो न तुटणारा सूर.

पहिल्या रांगेत शेवंतीआजी बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, कानाला यंत्र. चाल मध्यावर आली आणि त्या काठी टेकून उठल्या. लोक ‘बसा, बसा’ करायला लागले. त्या कोणाचं ऐकेनात.

“ह्या मी ऐकलंय,” त्या म्हणाल्या. “नवी नवरी म्हणान मुंबयसून आगबोटीन इलंय. दर्यो खवळलेलो. पडावात मी रडतंय, ओकतंय. वल्हा मारणाऱ्यान वल्हा दुसऱ्याकडे दिल्यान आणि ह्या वाजवल्यान. म्हणालो, आवाजाकडे बघ, पाण्याकडे बघू नको. मी तेचा नावसुद्धा इचारूक नाय.”

“कादर,” जहिराताई म्हणाल्या. हात थांबवला नाही.

“कादर,” शेवंतीआजी म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.

मग मागून एक जण बोलला की त्याच्या वडलांच्या लग्नात हाच ऑर्केस्ट्रा होता. जिन्यातून कोणी सांगितलं की कादरभाई पावसात पडाव बंद असताना धक्क्याच्या गोदामात वाजवत बसायचे आणि कस्टमचे लोक काम सोडून ऐकायचे. एक सांगतो तोवर दुसरा उठतो. माझ्या खिशात भाषणाचे कागद होते. मी ते काढले, कोरी बाजू वर केली, आणि लिहून घ्यायला लागलो. कोण, कुठलं साल, कोणाचं लग्न. कुठे ‘असावा’ घालायची वेळ आली नाही. नऊ पानं भरली.

माझ्या वादनाला वेळ उरला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही उशिरा आलं.

रविवार, २६ जानेवारी

काल शनिवारी एकतीस जण. मी बोललो नाही, वही घेऊन बसलो होतो. दाजींनी योगाचा वर्ग सकाळी सहाला ठेवलाय.

आज झेंडावंदनानंतर जहिराताई घरी आल्या. माझा हात बघायचा म्हणाल्या. मी माझी नेहमीची रचना वाजवून दाखवली, जरा जोशातच. त्या ऐकून म्हणाल्या, “भाऊ, तुमी खांबार चढल्यासारखा धरतास. पडतलास अशी भीती वाटता काय?” मग त्यांनी डावा हात पूर्ण काढायला लावला. नुसती मोकळी तार. वर, खाली, वर, खाली. मनगट सैल सुटेपर्यंत दुसरं काही नाही. त्रेसष्टाव्या वर्षी मी पहिल्या धड्यावर आहे.

सुगंधा भाकऱ्या थापत आतून मोजत होती. तिला म्हटलं, बघ, सगळं कसं आपोआप जुळून आलं. तू ते जुनं वाद्य तारा बसवायला दिलंस काय, त्या त्यावर हात फिरवायला लागल्या काय. इतिहास स्वतःची वाट स्वतः शोधतो.

“होय,” ती म्हणाली. “परत पयल्यापासून मोजतंय. तुमचो हात थांबलो.”